चार मिनिटांचा वाचक

बायकोने पान पुढे सरकवलं, तसा पडदेवाल्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला, चष्मा पुसून नाकावर बसवला आणि पान डोळ्यांसमोर धरलं. पहिल्या मिनिटाला त्यांनी भुवया उंचावल्या. दुसऱ्या मिनिटाला “हं” केलं. तिसऱ्या मिनिटाला खालच्या ओळीवरून बोट पुन्हा वरच्या ओळीवर नेलं आणि मान डोलावली. चौथं मिनिट संपता संपता पान खाली ठेवून ते म्हणाले, “उत्तम.”

बायकोने पान फायलीला लावलं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी हा कार्यक्रम व्हायचा. गेली सत्तावीस वर्षं तो असाच चालला होता आणि या सत्तावीस वर्षांत पडदेवाल्यांना त्या पानांतलं एक अक्षर कळलं नव्हतं.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. कापडाच्या ताग्यावरचं ‘कॉटन’ ते लांबून ओळखायचे, आकडे वाचायचे आणि ‘थँक्यू’ तर फार ऐटीत म्हणायचे. पण लग्न ठरताना मुलीने विचारलं होतं, “इंग्रजी वाचता ना?” आणि मुलगी मनात इतकी भरली होती की यांच्या तोंडून निघून गेलं, “म्हणजे काय! रोज!” थाप मारायला एक क्षण लागतो, ती पोसायला मात्र जन्म जातो. मुलगी निघाली भाषांतरकार. स्पॅनिशमधून इंग्रजीत काम करायची. लग्नानंतर आठवड्याभरात तिने पहिलं पान पुढे केलं आणि पडदेवाल्यांचा चार मिनिटांचा वाचनव्यासंग सुरू झाला.

बायकोचा त्यांना अभिमान किती म्हणाल, तर गिऱ्हाईक पडद्याचं माप सांगत असलं तरी ते मध्येच सांगायचे, “आमच्या घरात दोन परक्या भाषा नांदतात.” तिने आजवर धुलाई यंत्रांची माहितीपत्रकं केली, खोकल्याच्या औषधांवरच्या सूचना केल्या. औषधाच्या बाटलीवर भाषांतरकाराचं नाव कोण छापणार? पण या वर्षी एका प्रकाशकाने तिला खरंखुरं पुस्तक दिलं होतं: खरेदी-विक्रीतले स्पॅनिश शब्द आणि वाक्प्रचार, इंग्रजी अर्थासह. मुखपृष्ठावर नाव छापायचं असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं.

तिची कामाची एक तऱ्हा होती. वाक्प्रचार आला की आधी त्याचं शब्दाला शब्द ठेवून कच्चं इंग्रजी भाषांतर करायचं. तेही वहीत नाही. ताग्यांना गुंडाळून येतो तो खाकी कागद ती दुकानातून आणायची, त्यावर हातभर मोठ्या अक्षरांत लिहायची आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवायची. “वाक्य दोन दिवस घरात वावरलं ना, की ते नक्की काय म्हणतंय ते कळतं,” असं तिचं म्हणणं. मग पोळपाट-लाटणं बाजूला सारून ती नवऱ्याला विचारायची.

“अहो, ते लोक म्हणतात, अस्वल मारायच्या आधीच त्याने कातडं विकलं.”

“हात्तिच्या! बाजारात तुरी...”

“ती म्हण मलाही येते. मला तुमच्या बाजारातला माणूस सांगा. असं कोण करतं?”

मग पडदेवाले खुलायचे. यंत्रावर सूत चढलेलं नसताना तीनशे पडद्यांची ऑर्डर घेऊन पेढीवर मिरवणारा घाऊक व्यापारी ते असा उभा करायचे, की चालणं, बोलणं, कपाळावरचा घाम सगळं दिसायचं. बायको भराभर टिपून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पक्कं इंग्रजी वाक्य पानावर उतरायचं आणि ते पान चार मिनिटांसाठी पडदेवाल्यांच्या हाती यायचं.

तर मंगळवारी बायको प्रकाशकाकडून परतली ती चेहरा पाडून.

“ते म्हणतात, बाई, तुम्ही आयुष्यात टाचणी तरी विकली आहे का? विक्रीच्या पुस्तकावर तुमचं नाव टाकलं तर व्यापारी हसतील.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, माझे यजमान तीस वर्षं दुकान चालवतात. माझं प्रत्येक पान त्यांच्या हातून जातं. आता ते शुक्रवारी चार वाजता दुकानात येणार आहेत, तुम्हाला भेटायला. मग ठरवणार.”

पडदेवाल्यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. प्रकाशकाने एखादं पान हातात देऊन “वाचा” म्हटलं तर? सत्तावीस वर्षांची थाप उघडी पडेल, ते एक असो; पण बायकोचं नाव मुखपृष्ठावर यायच्या आधीच पुसलं जाईल. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी मात्र एक नामी कल्पना सुचली. दुकानावर इंग्रजी पाट्या लावायच्या! नाहीतरी सवलतीचे दिवस तोंडावर आले होते. प्रकाशक येईल, इंग्रजी पाट्या बघेल आणि या माणसाला इंग्रजी येतं का अशी शंकाच त्याला शिवणार नाही.

“चार ओळी लिहून दे,” ते बायकोला म्हणाले. “पडद्यांवर सूट, शिलाई मोफत, असलं काहीतरी. मीच लिहिल्या असत्या, पण तुझं अक्षर बरं आहे.”

बायकोने चार खाकी कागदांवर चार ओळी लिहिल्या, टेबलावर ठेवल्या आणि ती बहिणीकडे गेली. जाताना भिंतीवरचे चार कच्चे कागदही उतरवून तिने शेजारीच ठेवले, कारण त्यांचं काम झालं होतं. गुरुवारी सकाळी पडदेवाले टेबलाशी आले तर पुढ्यात चार आणि चार असे दोन गठ्ठे. त्यांनी चष्मा लावला. पहिला गठ्ठा चार मिनिटं पाहिला. दुसरा चार मिनिटं पाहिला. दोन्ही उत्तम होते. शेवटी ज्यातली अक्षरं मोठी होती तो उचलून ते पेंटरकडे गेले.

पेंटर म्हणजे अक्षराचा कलावंत. त्याने कागद लांब धरला, जवळ धरला. “मी फक्त अक्षरं काढतो, वाचत बसत नाही,” तो म्हणाला. “यात काही बदल करायचाय?”

“बदल?” पडदेवाल्यांची छाती फुगली. “अरे, बायकोचं इंग्रजी आहे ते. एक कानाही हलवायचा नाही!”

“इंग्रजीत काना नसतो, मालक.”

“मग जे काय असेल ते हलवायचं नाही.”

शुक्रवारी सकाळी दुकानावर चार पाट्या चढल्या. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, त्याला काळी सावली. पडदेवाले रस्त्याच्या पलीकडे जाऊन, मागे हात बांधून बघत राहिले. दाराशी त्यांची आई नेहमीप्रमाणे आपल्या खुर्चीत येऊन बसली. वय पंच्याऐंशी, रोज सकाळी दुकानात बसून आल्यागेल्याकडे बघून हसायचं, एवढं एकच काम तिने स्वतःकडे ठेवलं होतं. तिने मान वर करून डोक्यावरची पाटी पाहिली.

“छान रंगवलीय रे. यात माझ्याबद्दल आहे का काही?”

“आहे ना आई,” पडदेवाले म्हणाले. म्हातारीचं मन राखायला त्यांचं काय जात होतं? आई सावरून बसली.

दहाच्या सुमाराला माणसं थांबायला लागली. आधी दोन कॉलेजच्या मुली थांबल्या, मग एक पोस्टमन, मग सायकलवरून उतरून एक गृहस्थ. पाट्या वाचायचे, आईकडे बघायचे आणि हसायचे. आईही सगळ्यांकडे बघून हसत होती. कुणी फोटो काढला तर तिने पदर नीट केला. “बघा, इंग्रजीचा प्रभाव!” पडदेवाले मनात म्हणाले. इतक्यात समोरच्या दुकानातले चष्मेवाले रस्ता ओलांडून आले. हे चांगले शिकलेले आणि तितकेच भोचक.

“काय हो, हे काय लिहिलंय?”

“का? काही चुकलंय का?”

“चुकलं असं नाही, पण मुद्दाम लिहिलंय का?”

“मुद्दामच,” पडदेवाले म्हणाले. न कळणाऱ्या गोष्टीला मुद्दाम म्हणावं, हा त्यांचा जुना शिरस्ता होता.

“कमाल आहे तुमची! पहिल्या पाटीवर ‘धूर विकणे’. दुसरीवर ‘सशाऐवजी मांजर देणे’. तिसरीवर ‘चांगलं कापड पेटीत असलं तरी खपतं’. आणि ही, आईंच्या डोक्यावरची...” चष्मेवाल्यांनी आवाज खाली आणला. “‘हा तर स्वतःच्या आईलाही विकेल.’”

पडदेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. डोळ्यांसमोर टेबलावरचे दोन गठ्ठे आले. घड्याळात अकरा वाजले होते. पाट्या उतरवाव्यात तर पेंटरने त्या लांबलचक स्क्रू मारून भिंतीत अशा गाडल्या होत्या, की भिंत आणि पाटी बरोबरच उतरली असती. आणि चष्मेवाल्यांना तर नुकतंच सांगून झालं होतं की हे मुद्दाम आहे.

“मुद्दामच,” ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी आवाज बसला होता.

मग त्यांनी डोकं चालवलं. झाकायला त्यांच्याकडे काय कमी होतं? तीस वर्षं त्यांनी दुसरा धंदा केला नव्हता. त्यांनी पेंटरला शिडी घेऊन बोलावलं, ती धरायला खाली उभं केलं आणि आईच्या डोक्यावरच्या पाटीवर आधी एक जाडजूड गर्द निळा पडदा सोडला.

“माझी अक्षरं झाकता?” पेंटर खालून कळवळला. “गुरुवारचा अख्खा दिवस घातलाय मी त्यात!”

“झाकतोय म्हणजे जपतोय रे. ऊन लागून रंग उडेल.”

पेंटर गप्प बसला, पण रस्ता गप्प बसला नाही. पाटी होती तेव्हा माणसं वाचून पुढे जात होती. आता पडदा पडल्यावर मागे काय आहे ते बघायला थांबायला लागली. ज्यांनी आधी वाचलं होतं ते न वाचलेल्यांना सांगत होते आणि ऐकणाऱ्यांना पटत नव्हतं. त्या गर्दीतून एक बाई पुढे आल्या.

“हा वर लावलाय तो निळा पडदा द्या.”

“बाई, तसाच आत आहे. काढून देतो.”

“तसाच नको, तोच हवा. उजेडात बघितलाय मी तो. आतला आणखी वेगळा निघायचा.”

आता इथे एक अडचण होती. गिऱ्हाईकाला ‘नाही’ म्हणायचं नाही, हा पडदेवाल्यांचा कुळाचार. तीस वर्षांत या दुकानातून माणूस रिकाम्या हाताने गेला नव्हता, आणि ही गोष्ट ते बायकोच्या दोन भाषांइतक्याच अभिमानाने सांगायचे. त्यांनी निळा पडदा उतरवून दिला. पाटी उघडी पडली, लोक हसले. त्यांनी घाईने हिरवा चढवला. तोही विकला गेला. केशरी फुलांचा चढवला, त्याला तर दोघं भांडले. चारही पाट्यांवर तेच चाललं होतं. पडदेवाले शिडीवर चढत होते, उतरत होते, मोजत होते, बांधत होते. जेवणाचा डबा तसाच राहिला. दर वेळी पडदा बाजूला झाला की रस्त्यावरून “वाचलं! वाचलं!” असा गलका उठायचा आणि आई समाधानाने मान हलवायची.

पावणेचारला जाड कापडाचा शेवटचा तुकडाही खपला. राहिले ते पांढरे जाळीचे पडदे. बुडत्याला काडीचा आधार म्हणून पडदेवाल्यांनी तेच चढवले. खाली उतरून पाहिलं तर जाळीतून लाल अक्षरं आणखीनच मोहक दिसत होती. चष्मेवाले म्हणाले, “आता कसं अगदी सहज वाचता येतंय.” पडदेवाले पुन्हा शिडीवर चढले. जाळीवर जाळी टाकून काही जमतंय का ते बघत असतानाच गर्दी दुभंगली आणि कोपऱ्यावरून त्यांची बायको आणि प्रकाशक आले.

बायकोने पाट्या पाहिल्या. आपले खाकी कागद तिने ओळखले. मग तिने शिडीवर नजर टाकली. पडदेवाल्यांना वाटलं, इथेच जाळीत गुंडाळून घ्यावं.

प्रकाशक जाडे, गंभीर, हातात चामड्याची बॅग. त्यांनी एकेक पाटी सावकाश वाचली. चौथी वाचून खाली बसलेल्या आईकडे पाहिलं.

“आणि या कोण?”

“मी याची आई,” आई म्हणाली. “वर लिहिलंच आहे की.”

प्रकाशकांच्या ओठांचे कोपरे थरथरले. “हे कुणी केलं?”

“मी!” पेंटर पुढे झाला. “एक अक्षर हलवलं नाही. मालकांची तशी ताकीदच होती. बायकोचं इंग्रजी आहे म्हणाले.”

प्रकाशकांनी मान वर केली. “म्हणजे ही वाक्यं वाचून, समजून तुम्हीच निवडलीत?”

सगळा रस्ता शिडीकडे बघायला लागला. हो म्हणावं, तर हे असलं काही मुद्दाम लावणाऱ्या माणसाचा सल्ला घेणाऱ्या बाईचं नाव कोण छापेल? पडदेवाले एक पायरी उतरले. थाप त्यांची होती, तिची फळं तिने का भोगावीत? आणखी एक पायरी उतरून त्यांनी घसा खाकरला.

“साहेब, खरं सांगायचं तर मला...”

“खरं सांगायचं तर,” बायकोने वाक्य मध्येच उचललं, “मी त्यांना चार सरळ ओळी लिहून दिल्या होत्या. सवलतीच्या. त्या टेबलावर पडून आहेत आणि लागल्यात या. बाहेर माणसं किती उभी आहेत ते तुम्हीच बघा. ‘शिलाई मोफत’ वाचायला थांबली असती का?”

प्रकाशकांनी गर्दीकडे पाहिलं. पण ते पुस्तकवाले, इतक्यावर विरघळणारे नव्हते. “ठीक. मग यजमानांनाच विचारतो. धूर विकणे म्हणजे काय हो?”

हा प्रश्न मात्र पडदेवाल्यांच्या घरचा होता. दोन दिवस तो वाक्प्रचार त्यांच्या स्वयंपाकघरात वावरला होता. ते शिडीवरून उतरले आणि खांद्यावरची जाळी त्यांनी झटकली.

“साहेब, हा पडदा लावला की खोली थंड होते असं कुणी सांगितलं, तर तो धूर विकतोय समजा. पडदा थंडावा देत नाही, ऊन अडवतो. तेवढंच सांगून विकलं तर ते कापड, वर एक शब्द चढवलात की धूर. आणि मांजराचं म्हणाल, तर रेशमाचा नमुना दाखवून मिश्र सूत बांधून देणारे मी तुम्हाला याच बाजारात दाखवीन. त्यांची एक खूण असते. ते पुडक्याला गाठी फार मारतात. घरी पोचेपर्यंत सुटू नये म्हणून.”

गर्दीत कुणीतरी “खरंय!” म्हणालं. प्रकाशकांनी बॅगेतून वही काढली. “गाठी फार मारतात,” ते लिहीत म्हणाले. “आणि पेटीतलं कापड?”

“ते खोटं आहे असं मी आजवर समजत होतो,” पडदेवाले म्हणाले. “माल दाखवल्याशिवाय खपत नाही, हे मी हिला दहादा सांगितलं. पण आज मी काहीतरी झाकायला गेलो आणि दुकान रिकामं झालं.”

तेव्हा मात्र प्रकाशक हसले, आणि एकदा हसायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. शेवटी डोळे पुसून ते म्हणाले, “बाई, ही कच्ची वाक्यं तुम्ही मला दाखवलीच नाहीत! डाव्या पानावर ही, उजव्या पानावर पक्की, आणि खाली यजमानांनी सांगितलेलं. मुखपृष्ठावर तुमचं नाव. जरा मोठ्या टायपात.”

पडदेवाले गर्दीकडे वळले. त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “ही माझी बायको!” ते सगळ्यांना माहीतच होतं, पण टाळ्या पडल्या.

चार महिन्यांनी पुस्तक आलं. सकाळी चहाच्या वेळी बायकोने ते उघडून नवऱ्यापुढे सरकवलं. पडदेवाल्यांनी कप बाजूला ठेवला, चष्मा पुसला, पान डोळ्यांसमोर धरलं. भुवया उंचावल्या, “हं” केलं, बोट खालून वर नेलं. चार मिनिटांनी पुस्तक खाली ठेवून ते म्हणाले, “उत्तम.”

“अडीच ओळी आहेत त्या पानावर,” बायको म्हणाली. “त्याला चार मिनिटं?”

पडदेवाल्यांनी पानाकडे पाहिलं. खरंच पान जवळजवळ कोरं होतं. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तूच वाच,” ते म्हणाले. “मला येत नाही. कधीच येत नव्हतं.”

बायकोने पुस्तक जवळ ओढलं आणि एकेक शब्द मराठीत करत वाचलं. “‘माझ्या पहिल्या वाचकास. त्यांनी सत्तावीस वर्षांत माझी एकही चूक काढली नाही, आणि या पुस्तकात मला एकही चूक करू दिली नाही.’”

पडदेवाल्यांचे कान लाल झाले. “तुला कधी कळलं?”

“लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात. भाषांतराच्या जागी मी चुकून इस्त्रीच्या कपड्यांची इंग्रजीतली यादी दिली होती. तुम्ही म्हणालात, भाषा फार ओघवती आहे.”

“मग इतकी वर्षं पानं का देत राहिलीस?”

“रोज सकाळी चार मिनिटं दुसरं काहीही न करता माझं काम हातात धरून बसणारं या जगात दुसरं कोण होतं?” बायको म्हणाली आणि चहा पुन्हा गरम करायला उठली. पडदेवाल्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून हात फिरवला. ते नाव मात्र त्यांना वाचता आलं. महिनाभर लपूनछपून चष्मेवाल्यांकडून ती अक्षरं गिरवून घेतली होती.

दुकान उघडल्यावर पुस्तक दर्शनी भागात, सगळ्यांना दिसेल असं मांडलं गेलं. आईने ते उचलून मांडीवर घेतलं आणि हळूच पानं उलटली.

“यातही माझ्याबद्दल आहे का रे?”

“आहे, आई. पाटीवरचंच आहे.”

“काय लिहिलंय? नीट वाचून सांग.”

पडदेवाल्यांनी चष्मा लावला आणि पुस्तक डोळ्यांसमोर धरलं. दारात गिऱ्हाईक उभं होतं, पण त्यांनी पुरती चार मिनिटं घेतली.

“उत्तम,” ते म्हणाले. “फार उत्तम लिहिलंय.”